बिनकुलुपाचे पाठ्यपुस्तक

पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. कादंबरी, काव्यसंग्रह, फार तर एखादे चरित्र हाती आले की समीक्षक लेखणी उचलतो. पाठ्यपुस्तक मात्र अभ्यासमंडळाने नेमायचे, विद्यार्थ्याने विकत घ्यायचे आणि परीक्षा आटोपताच रद्दीवाल्याच्या तराजूत टाकायचे, असा त्याचा ठरलेला जीवनक्रम. वास्तविक पाहता आपल्या तरुणांच्या लेखनावर पाठ्यपुस्तकांचा जेवढा संस्कार होतो, तेवढा आमच्या या त्रैमासिकातील सगळे ललित साहित्य मिळूनही होत नसेल. म्हणून या खेपेस आम्ही एका परदेशी पाठ्यपुस्तकमालेविषयी लिहिण्याचे योजले आहे. ही माला अनेकांनी मिळून रचली आहे आणि ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुस्तकाच्या भाषेचे काय होते, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

'रायटिंग स्पेसेस : रीडिंग्ज ऑन रायटिंग' हे या मालेचे नाव. अमेरिकेतील महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लेखन शिकवण्यासाठी ती सिद्ध झाली. चार्ल्स लोव आणि पावेल झेमलियान्स्की या दोघा प्राध्यापकांनी संपादिलेला पहिला खंड २०१० मध्ये व दुसरा २०११ मध्ये निघाला. यातील निबंध लेखन शिकवणाऱ्या अध्यापकांनी लिहिलेले, सहव्यवसायी अध्यापकांनी तपासलेले आणि थेट विद्यार्थ्याला उद्देशून लिहिलेले आहेत. पार्लर प्रेस ही प्रकाशनसंस्था छापील प्रत विकते; परंतु तोच मजकूर संगणकावरून कोणालाही फुकट उतरवून घेता येतो, त्याच्या प्रती काढून वर्गात वाटता येतात. अशा पुस्तकास 'मुक्त पाठ्यपुस्तक' म्हणण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे.

या उपक्रमामागची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत हार्वर्डने जो पायंडा पाडला, त्यानुसार अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला, मग तो पुढे वैद्य होवो वा अभियंता, लेखनाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. साहजिकच या विषयाच्या पुस्तकांना मोठी बाजारपेठ लाभली. प्रकाशकांनी दर दोन-चार वर्षांनी किरकोळ फेरफारांची नवी आवृत्ती काढायची, आणि जुनी आवृत्ती बाद झाल्याने विद्यार्थ्याने नवी घ्यायची, असे चक्र सुरू झाले. तेथील गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २००५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार १९८६ ते २००४ या काळात महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांच्या किमती १८६ टक्क्यांनी वाढल्या. त्याच काळात एकंदर महागाई ७२ टक्क्यांनी वाढली होती. २००२ च्या अखेरीस 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या संस्थेने आपले परवाने प्रसिद्ध केले, आणि लेखकाला स्वामित्वहक्क न सोडताही 'माझे लिखाण या या अटींवर घ्या, वापरा' असे कायदेशीररीत्या म्हणण्याची सोय झाली. मुक्त पाठ्यपुस्तकांची कल्पना या दोन टोकांमध्ये रुजली.

'रायटिंग स्पेसेस' हा या क्षेत्रातील पहिला प्रयत्न नव्हे. 'विकिबुक्स' या संकेतस्थळावर 'र्‍हेटरिक अँड कॉम्पोझिशन' नावाचे एक पुस्तक त्याआधीपासून आकार घेत होते. मिनेसोटा राज्यातील सेंट क्लाउड विद्यापीठाचे प्राध्यापक मॅट बार्टन यांनी आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्याची उभारणी केली. विकीचा नियम असा की कोणीही यावे आणि कोणतेही वाक्य बदलावे. कल्पना उदार आहे. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहावे, यातही एक न्याय आहे. पूर्वतयारी, कच्चा खर्डा, पुनर्लेखन, शुद्धीकरण असा नेटका क्रम त्यात लावलेला आहे आणि माहितीत फारशी चूक काढता येत नाही.

तरीही हे पुस्तक वाचताना आमचे मन रमले नाही. याचे कारण शोधू गेल्यास असे दिसते की अनेक हातांतून गेलेल्या वाक्याचा प्रत्येक कंगोरा पुढच्या हाताने घासून काढलेला असतो. पहिल्याने एखादा विनोद केला असेल तर दुसऱ्याला तो अस्थानी वाटतो. तिसरा एखादे ठाम विधान सौम्य करतो. चौथा उदाहरण गाळून त्या जागी सर्वसाधारण नियम घालतो. शेवटी उरते ते कोणाचीच हरकत नसलेले वाक्य. विश्वकोशात असे वाक्य चालते, किंबहुना तेथे ते शोभते. परंतु जे पुस्तक विद्यार्थ्याला 'तुझा स्वतःचा आवाज शोध' असे सांगते, त्यालाच स्वतःचा आवाज नसावा, हे वैगुण्य क्षुल्लक म्हणता येणार नाही. तरुणाला नियमातून लेखन समजत नाही. कोणीतरी लिहिताना त्याच्या दृष्टीस पडावे लागते.

लोव आणि झेमलियान्स्की यांनी नेमका येथेच वेगळा मार्ग धरला. त्यांनी पुस्तक एकसंध केले नाही. प्रत्येक निबंधावर लेखकाचे नाव ठेवले, त्याचा सूर जसाच्या तसा राहू दिला आणि निबंधाच्या शेवटी वर्गात चर्चेसाठी काही प्रश्न दिले. अध्यापकाला पाहिजे तेवढे चार निबंध उचलावेत, बाकीचे सोडावेत. पुस्तक म्हणण्यापेक्षा याला पुस्तकांचे कपाट म्हणणे अधिक योग्य होईल. आणि कपाटाला कुलूप नाही.

या कपाटातील काही निबंध फार चांगले आहेत. माईक बन यांचा 'हाउ टू रीड लाइक अ रायटर' हा दुसऱ्या खंडातील निबंध आम्हांला सर्वांत अधिक भावला. १९९७ साली लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये नोकरी करत असताना लेखकाच्या एकाएकी ध्यानात आले की आपण वाचतो त्या पानावरील प्रत्येक शब्द कोणीतरी निवडलेला आहे. त्या जागी दुसरा शब्द येऊ शकला असता. एवढ्या साध्या जाणिवेवर सारा निबंध उभा आहे. लेखकाने हे का निवडले, त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला, आपण ही युक्ती आपल्या लेखनात वापरू का, असे प्रश्न घेऊन वाचायचे. आमच्याकडील विद्यार्थी 'लेखकाला काय सांगायचे आहे' या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षे देत असतो. 'लेखकाने ते असेच का सांगितले' हे त्याला कोणी क्वचितच विचारते.

जॅनेट बॉइड यांच्या निबंधाची कल्पनाही अशीच मार्मिक आहे. एक खून झाला आहे. तीच हकीकत तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने लिहायची, प्रेताची तपासणी करणाऱ्याने लिहायची, वकिलाने न्यायालयात मांडायची. वस्तुस्थिती एकच, परंतु कोण कोणासाठी लिहितो आहे यावरून शब्द, क्रम, लांबी, सारे बदलते. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल आणि बचावाचे भाषण या तिन्हींच्या भाषा आपल्याकडे इतक्या भिन्न आहेत की वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसालाही त्या ओळखू येतात. आम्ही तर एकाच मनुष्याच्या मृत्यूची नोंद धर्मग्रामाच्या वहीत दीड ओळीत करतो आणि त्याच दिवशी त्याच्याविषयी पंधरा मिनिटे प्रवचन देतो. या दोहोंत खोटे काहीच नसते.

सेरा ॲलन यांनी स्फूर्ती आल्यावाचून न लिहिणाऱ्या लेखकाची दंतकथा मोडीत काढली आहे. खरा लेखक अडखळतो, खोडतो आणि पुन्हा बसतो, असे त्या सांगतात. ही गोष्ट नवीन नाही, पण अठरा वर्षांच्या मुलाला ती नवीन असते. केट मॅकिनी मॅडालेना यांनी शैक्षणिक लेखनातही 'मी' हा शब्द आवश्यक का आहे, याची कैफियत मांडली आहे. निरीक्षण करणारा कोण, हे लपवल्याने लेखन वस्तुनिष्ठ होत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. नियतकालिकाच्या परंपरेनुसार 'आम्ही' लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी यावर काय बोलावे? एवढेच म्हणतो की 'आम्ही'च्या आडून लिहिताना विधान थोडे जपून करावे लागते, कारण त्यात न विचारता इतरांनाही ओढलेले असते.

या निबंधांत परस्परसहकार्याचा विषय थेट घेणारेही काही आहेत. रिबेका इंगल्स यांनी जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या गीतकारांच्या जोडीचा दाखला देऊन गटाने लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना सल्ला दिला आहे, की कामाची वाटणी, मुदती आणि मतभेद मिटवण्याची रीत यांचा लेखी करार आधी करावा. सल्ला रुक्ष वाटतो खरा, परंतु ज्यांनी कोणी सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका समितीमार्फत काढली असेल, त्यांना त्याचे मोल सांगावयास नको.

येथे आम्हांला एका जुन्या पाठ्यपुस्तकाची आठवण होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण, 'आर्ते द लिंग्वा कानारी', हे त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १६१९ मध्ये ते निवर्तले आणि व्याकरण गोव्यात राशोल येथे १६४० मध्ये छापून निघाले. मुखपृष्ठावर स्पष्ट नोंद आहे की फादर दियोगु रिबेरू यांनी त्यात भर घातली आणि येशूसंघाच्याच आणखी चौघा धर्मगुरूंनी ते तपासून दुरुस्त केले. परभाषिक धर्मगुरूंना येथील लोकांची भाषा शिकता यावी, यासाठी ते लिहिले गेले होते. म्हणजे तेही पाठ्यपुस्तकच. या रीतीत मूळ कर्त्याचे नाव राहते, भर घालणाऱ्याचे नाव राहते, आणि दुरुस्त करणारे चौघे संख्येने तेवढे उरतात. कोणते वाक्य कोणाचे, हे आज सांगता येत नाही. विकीत असे घडले असते तर प्रत्येक फेरफाराची तारखेनिशी नोंद राहिली असती, एवढे श्रेय विकीच्या पदरात टाकले पाहिजे. पहिल्याच खंडात जेम्स पर्डी यांनी विकिपीडियाविषयी लिहिलेल्या निबंधात हा गुण चांगला दाखवला आहे. लेखामागील चर्चा आणि फेरफारांचा इतिहास वाचला, तर लेखन कसे घडते हे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाहता येते, असे त्यांचे म्हणणे आहे. दुर्दैव असे की ती चर्चा बहुधा अंतिम लेखापेक्षा अधिक जिवंत असते.

आता 'रायटिंग स्पेसेस'च्या उणिवांकडे वळू. निबंधांवर नावे राहिली, सूर राहिले. परंतु ते एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. लेखनाला आरंभ कसा करावा, हा विषय पहिल्याच खंडात तीन-चार जणांनी आपापल्या परीने हाताळला आहे आणि एकाने दुसऱ्याचे वाचले असावे, अशी शंकाही येत नाही. संपादकांनी लेखकांना एका टेबलाभोवती बसवले असते तर पुनरुक्ती टळली असती, आणि कदाचित एखादा मतभेदही छापला गेला असता. विद्यार्थ्याला दोन अध्यापकांचा मतभेद वाचावयास मिळणे, ही केवढी मोठी गोष्ट! या मालेत सहकार्य आहे ते मुख्यतः संपादक आणि लेखक यांच्यामधले. लेखक आणि लेखक यांच्यामधले नव्हे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे आणि ती परवान्यात दडलेली आहे. मालेतील सर्वच निबंध विनामूल्य वाचता व वाटता येतात. मात्र परवाना सर्वांवर एकसारखा नाही. काही निबंधांवर अशी अट आहे की नफ्यासाठी वापरू नका, आणि बदल केलात तर तुमचे रूपही याच अटींवर इतरांना द्या. काहींवर मात्र बदलासच मनाई आहे. भाषांतर हाही कायद्याच्या दृष्टीने बदलच होय. म्हणजे कोणा मराठी अध्यापकाने यातील एखादा निबंध मराठीत आणावयाचे ठरवले, तर कोठे त्याला मोकळी वाट आहे आणि कोठे लेखकास पत्र पाठवून अनुमती मागावी लागेल. कपाटास कुलूप नाही हे आम्ही वर म्हटले, ते खरेच आहे. परंतु आतील काही पुस्तके साखळीने बांधलेली आहेत.

बदलास मनाई करणाऱ्या लेखकांची बाजू आम्ही समजू शकतो. आपल्या नावाखाली दुसऱ्याने काहीबाही घातलेले कोणाला रुचेल? आमच्या सेमिनरीच्या दिवसांत प्राध्यापकांच्या टिपणांच्या सायक्लोस्टाइल प्रती एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात. प्रत्येक तुकडी समासात भर घालत असे, आणि पाचव्या वर्षी मूळ प्राध्यापकांना आपलीच टिपणे ओळखू येत नसत. तरीही, लेखन शिकवणाऱ्या लेखकाने आपल्या लेखनाला कोणी हात लावू नये अशी अट घालावी, हे विसंगत आहे. पुनर्लेखन हाच तर यांच्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे.

शिवाय भाषांतराची गरज येथे केवळ शब्दांपुरती नाही. काइल स्टेडमन यांचा निबंध पाहावा. दुसऱ्यांची अवतरणे वापरताना विद्यार्थी वाचकाला कसे त्रास देतात, हे त्यांनी विलक्षण गमतीने सांगितले आहे. महामार्गावर वेगाच्या मार्गिकेतून रेंगाळत जाणाऱ्या वाहनचालकांवरील रागापासून निबंधाची सुरुवात होते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अवजड ट्रकच्या मागे अडकलेल्या वसईकराला ती लगेच पटेल. पुढे मात्र अडचण येते. पूर्वसूचनेवाचून मध्येच टाकलेल्या अवतरणाला ते गाडीखाली अचानक सापडलेल्या आर्माडिलोची उपमा देतात. अवतरणानेच परिच्छेद सुरू करणे वा संपवणे, याला ते स्पायडरमॅनशी प्रेम जमवणे म्हणतात, कारण तो येतो कोठून आणि जातो कोठे याचा पत्ता नसतो. अवतरणांची रांग लावणाऱ्याला त्यांनी विश्वकोश घेऊन बसलेला बॅरीकाका केले आहे. स्पायडरमॅन आमच्या मुलांना ठाऊक आहे. आर्माडिलो मात्र प्राणिसंग्रहालयाच्या पाटीवरही त्यांनी पाहिला नसेल. तळटीप देऊन 'खवलेमांजरासारखा एक अमेरिकन प्राणी' असे सांगितले की विनोद तेथेच संपला. मराठीत ते अवतरण 'दत्त म्हणून उभे राहते', आणि बॅरीकाकाला लग्नाच्या मांडवात गाठता येते. अर्थात हे भाषांतर राहत नाही, नवी रचना होते. आणि तीच करण्याचा अधिकार परवान्याने दिला आहे की नाही, यावर या पुस्तकाचा मुक्तपणा आमच्यापुरता अवलंबून आहे. फुकट मिळण्याचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. ज्या घरात एका मुलाच्या प्रवेशशुल्कासाठी पतपेढीचे कर्ज काढावे लागते, त्या घराला तरी ते सांगू नये. पण फुकट मिळालेली आर्माडिलोची उपमा आमच्या वर्गात निरुपयोगीच.

तिसरी गोष्ट श्रमांची. दुसरा खंड २०११ मध्ये निघाला आणि तिसरा २०२० मध्ये. मधली नऊ वर्षे बोलकी आहेत. विद्यार्थ्याला जे विनामूल्य मिळते ते कोणाच्या तरी वेळातून आलेले असते. अमेरिकेत निदान अध्यापकाच्या बढतीच्या वेळी असे प्रकाशन त्याच्या खात्यावर मांडता येते. तरीही खंड पडला. समाधानाची बाब अशी की तिसऱ्या खंडाच्या तिघा संपादकांपैकी एक, डेना ड्रिस्कॉल, या दुसऱ्या खंडात लेखिका होत्या. निरीक्षण, प्रश्नावली आणि मुलाखत यांद्वारे स्वतः माहिती कशी गोळा करावी, यावरील त्यांचा निबंध आजही उपयुक्त आहे. लेखकानेच पुढे संपादनाची धुरा उचलावी, हे या मालेचे खरे यश आम्ही समजतो. त्यानंतर २०२१ आणि २०२३ मध्येही खंड निघाले.

आपल्याकडे या विषयाची जी पुस्तके आहेत, ती बहुधा 'व्यावहारिक मराठी' वा 'उपयोजित मराठी' या नावाची. त्यांत अर्जाचा नमुना असतो, सभेच्या इतिवृत्ताचा नमुना असतो, जाहिरातीचा आणि बातमीचा नमुना असतो. विद्यार्थ्याने नाव-गाव बदलावे आणि उतरवून काढावे. हे नमुने निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या कार्यालयात येणाऱ्या दाखल्यांच्या अर्जांवरून तर उलट त्यांची गरजच जाणवते. परंतु नमुना देताना त्यामागची निवड कोणी उलगडून दाखवत नाही. 'विनंती विशेष' येथे का येते, इतिवृत्तात वक्त्याचा आवेश का गाळायचा, हे बन किंवा बॉइड यांच्यासारखे कोणी सांगितले, तर विद्यार्थी नमुन्याबाहेरचा अर्जही लिहू शकेल. असे निबंध लिहू शकतील असे अध्यापक वसईत, मुंबईत, पुण्यात, नगरमध्ये आहेत. त्यांनी प्रत्येकी एकच निबंध लिहायचा, एकमेकांचे निबंध छपाईपूर्वी वाचायचे आणि सर्वांवर बदलास मुभा देणारा एकच परवाना घालायचा, एवढे ठरले तरी पहिला खंड वर्षभरात होण्यास हरकत नाही. चौघांनी तपासले असेल तर चौघांची नावेही छापावीत. राशोलच्या त्या चौघांविषयी आम्हांला अजून कुतूहल आहे.

मात्र त्या खंडातील एक निबंध अमेरिकेहून उसना आणता येणार नाही. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारी मुलगी महाविद्यालयात प्रमाण मराठीत लिहू लागते, तेव्हा तिने आपल्या घरच्या भाषेतले काय बरोबर घ्यावे आणि काय उंबऱ्याशी ठेवावे? 'रायटिंग स्पेसेस'च्या अलीकडच्या खंडांनी विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेचा प्रश्न हाताळला आहे खरा, परंतु तेथील इंग्रजीच्या अनेक रूपांचा आणि इंग्रजीशी नाते जोडणाऱ्या इतर भाषांचा पेच निराळा आहे. आमच्या मुलीला तीन भाषांतून वाट काढायची असते: घरची बोली, वर्गातले मराठी आणि नोकरीच्या अर्जातले इंग्रजी. तिची आजी ज्या शब्दाने भाताच्या रोपाला हाक मारते, तो शब्द निबंधात लिहिला की आमचे परीक्षक त्याखाली लाल रेघ ओढतात. ती रेघ केव्हा योग्य आणि केव्हा अयोग्य, हे सांगणारा निबंध आमच्या वाचनात अद्याप आलेला नाही. तो लिहिण्यास कोणी पुढे आल्यास या त्रैमासिकाची पाने त्याच्यासाठी मोकळी आहेत, आणि छापून झाल्यावर तो कोणीही घ्यावा, बदलावा, आपल्या गावच्या बोलीतल्या उदाहरणांनी भरावा, यास आमची हरकत असणार नाही.